नाम, लक्षण आणि रूढी

सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाचा इतिहास सहसा विज्ञानाच्या इतिहासकारांवर सोपविला जातो. वस्तुतः तो भाषाविचाराचाही विषय आहे. कारण अठराव्या शतकाच्या मध्यावर या क्षेत्रात नाम आणि लक्षण यांचा परस्परसंबंधच बदलला.

कार्ल लिनीअसच्या पूर्वी वनस्पतीचे विद्वन्मान्य नाम बहुधा एक लॅटिन वाक्यखंड असे. ॲरिस्टॉटलप्रणीत व्याख्येप्रमाणे त्यात आधी प्रजाती व मागून व्यवच्छेदक लक्षणे येत. टोमॅटोचे नाम घेणे म्हणजे ‘बिनकाटेरी, मऊ खोडाचे, कातरलेल्या संयुक्त पानांचे सोलॅनम’ असे सांगणे. मात्र त्याच प्रजातीतील नवी जाती सापडली की जुने लक्षण अपुरे पडे आणि नामही बदलावे लागे. ज्ञानाची वाढ हीच नामाच्या अस्थैर्याचे कारण ठरत होती.

१७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथात लिनीअसने सुमारे ६,००० वनस्पतींची लक्षणवाक्ये दिली आणि पानाच्या समासात प्रत्येकीसाठी एकेक सुटे पद छापले. त्याच्या लेखी खरे नाम लक्षणवाक्य हेच होते. समासातील पद निव्वळ सोयीचे. पुढे हा क्रम उलटला. लक्षणवाक्ये मागे पडली आणि प्रजातिनाम व समासातील पद मिळून झालेले द्विपद नाम टिकले.

भारतीय परिभाषेत सांगायचे तर यौगिक नाम येथे रूढ झाले. ‘सिला पेरूव्हियाना’ ही वनस्पती पश्चिम भूमध्य प्रदेशातील. पेरूशी तिचा संबंध नाही. वर्णन म्हणून हे नाम खोटे, तरीही वैध आहे. कारण केवळ अर्थ अयोग्य आहे म्हणून नाम फेटाळता येत नाही, असा नामकरणसंहितेचा दंडक आहे. मिशेल फूकोने १९६६ च्या ग्रंथात निसर्गेतिहासाला दृश्याचे नामन मानले. लक्षणवाक्याला हे विवेचन चपखल लागू पडते; समासातील पदाला नाही. ते पद दृश्याचे काही सांगतच नाही.

परंतु ही यादृच्छिकता निरपेक्ष नव्हे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधील चित्रांवर रोमनबरोबरच मलयाळम, अरबी व नागरी लिपींतही नावे होती, नागरीतील नावे कोकणी होती. लिनीअसने या ग्रंथाचा आधार घेतला. मात्र प्रजातिनामे ग्रीक वा लॅटिन मुळाचीच असावीत, इतर शब्द ‘रानटी’, हा त्याचा आग्रह होता. तरीही मलबारातील आंब्याचा शब्द पोर्तुगीजमार्गे ‘मँगिफेरा’त शिरला, लॅटिन प्रत्ययाच्या आडोशाने. ‘थिओब्रोमा ककाओ’त ग्रीक पद आधी बसले आणि मेसोअमेरिकेतील शब्दाला दुसरे स्थान मिळाले.

रूढीने योगार्थ झाकला जातो, नाहीसा होत नाही. २०२४ साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘काफ्रा’ हे वंशद्वेषी अपशब्दाशी निगडित पद २०० हून अधिक नामांतून काढून तेथे ‘आफ्रा’ योजण्याचा निर्णय झाला. नाम केवळ निर्देशक असते, तर एका अक्षराचा हा बदल निरर्थक ठरला असता. ज्यांना उद्देशून तो शब्द उच्चारला गेला होता त्यांच्या लेखी त्याचा अर्थ कधीच झिजला नव्हता. तेव्हा रूढी कोणाची, हा प्रश्न शास्त्रीय नामाच्या विचारातूनही वगळता येत नाही.