सरकणारे सूर, ठणकणारे सूर

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकत्र आणली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, बेससाठी टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८. त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. २०१० मध्ये ही ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली आणि ॲसिड हाउस हे यांत्रिक नृत्यसंगीत आधी शिकागोत जन्मलं की मुंबईत, यावर वाद रंगला. मला त्यात रस नाही. भैरवात ज्युपिटरचा एक सूर दुसऱ्यावर कसा जातो, ते ऐकण्यात आहे.

तो उडी मारत नाही, सरकतो. हार्मोनियमला मींड नाही ही गवयांची जुनी तक्रार. इथे पट्ट्या आहेत, तरी सूर अखंड वाहतो. कारण ज्युपिटरमध्ये विजेचा दाब सूर ठरवतो, आणि दाब हळूहळू बदलता येतो. शिवाय प्रत्येक सुरामागे दोन ऑसिलेटर. एक ४४० आणि दुसरा ४४१ कंपनांवर ठेवला, की सेकंदाला एक हेलकावा उमटतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा केसभर हलल्या की होतं, तेच. ऑसिलेटर तापमानानेही जागचे हलतात, म्हणून त्यांना सुरात आणायचं बटणच यंत्रावर आहे. ॲनालॉगची ऊब म्हणतात ती बरीचशी या डळमळीतून येते.

ही मींड गवयाची मात्र नव्हे. गवई वाटेत रेंगाळतो. भैरवातल्या कोमल रिषभाचं आंदोलन या सरकण्याला पेलत नाही. ३०३ तर पुढचा स्वर जवळ असो की लांब, ठरलेल्या वेळात तिथे पोचतं. रागाला ही घाई मानवत नाही. ठेक्याला झिंग चढते ती मात्र तिच्यामुळेच!

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या तंत्रावर तो उभा होता. इथे सगळा आकड्यांचा हिशेब: एका साध्या लहरीची कंपनसंख्या दुसऱ्या लहरीने हलवायची. दोघींचं गुणोत्तर पूर्णांकात नसलं, की घंटेचा नाद निघतो. धरून ठेवलेला सूर सरळ उभा राहतो. हेलकावा हवा तर मुद्दाम घालावा लागतो. म्हणून या आवाजाला थंड म्हणतात.

मला ते पटत नाही. ज्युपिटर-८ च्या पट्टीला बोटाचा जोर कळतच नाही. हळू दाबा की आपटा, सूर तोच. डीएक्स-७ ला कळतो. त्याच्यातल्या इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजात बोट अलगद पडलं तर सूर गोल येतो, जोरात पडलं तर त्यात धातू ठणकतो, म्हणजे नुसता आवाज वाढत नाही, नादाचा पोतच बदलतो. हाच पियानो १९८० च्या दशकातल्या पाश्चात्त्य प्रेमगीतांत इतका वाजला की कान विटले. पण तो दोष यंत्राचा कसा? सहा ऑपरेटर, म्हणजे अशा सहा लहरी, आणि त्या जोडायच्या ३२ रचना यांत नवा आवाज घडवणं किचकट होतं, तेव्हा बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवले.