जलविद्या की जलदिव्य?

अद्भुतकथांतील जलविद्या म्हणजे पाण्यावरील सत्ता. उर्सुला ल गिन यांच्या 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत वस्तूचे खरे नाव जाणणारा मांत्रिक तिच्यावर हुकमत चालवितो. पिंपरी-चिंचवडलगतच्या देहू येथील इंद्रायणीतून तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी सुखरूप वर आल्याची कथा मात्र या वर्गात घालणे सयुक्तिक नव्हे. तुकोबा पाण्याला आज्ञा करीत नाहीत. निराहार राहून निर्णयाची वाट पाहतात. याज्ञवल्क्यस्मृतीने जल हे एक दिव्य मानले आहे. कथेचे नाते त्या न्यायकल्पनेशी आहे. भेद इतकाच की, दिव्यात माणूस पाण्यात उतरतो, येथे शब्द उतरतात. म्हणून कथेतील प्रश्न सामर्थ्याचा नसून शूद्र गणलेल्या कवीच्या वाणीच्या अधिकाराचा आहे. केवळ चमत्कार म्हणून ती बाजूस सारणारा समीक्षक हा प्रश्नही बाजूस सारतो.