इंजिनाचे वय आणि तपासनिसाची नजर : नाउलन व हीप यांच्या अहवालाचे पुनर्वाचन

प्रस्तावना :
ठराविक उड्डाणतासांनंतर विमानाचे इंजिन सरसकट उघडून ओव्हरहॉल केले की ते सुरक्षित राहते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला पुराव्यानिशी आव्हान देणारा ग्रंथ म्हणजे एफ. स्टॅन्ली नाउलन व हॉवर्ड हीप यांचा ‘रिलायबिलिटी-सेंटर्ड मेन्टेनन्स’ (१९७८) हा अहवाल होय. युनायटेड एअरलाइन्समधील या अभियंत्यांनी तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिला. त्याचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
घटकाचे वय आणि बिघाडाची शक्यता यांच्या संबंधाचे सहा आलेख लेखकांनी मांडले. वयोमर्यादा ठरवून लाभ होऊ शकेल असे घटक अवघे ११ टक्के निघाले. डीसी-८ विमानाच्या पारंपरिक वेळापत्रकात ३३९ घटकांचे ओव्हरहॉल होते. डीसी-१० साठी ही संख्या ७ वर आली. संपूर्ण इंजिनही या यादीतून वगळले गेले. मात्र इंजिनातील चकती तुटल्यास थेट प्राणहानी होऊ शकते, म्हणून अशा भागांची आयुर्मर्यादा लेखकांनी कायम ठेवली. हा विवेक अहवालाचे खरे बळ होय.

तथापि १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंखा-चकती उड्डाणात फुटली आणि सू सिटी येथे शंभरांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. चकतीची मर्यादा १८,००० उड्डाणचक्रांची होती. ती १५,५०३ चक्रांनंतर फुटली. टायटॅनियम घडवतानाच राहिलेल्या दोषातून भेग वाढत गेली होती. १९८८ मधील तपासणीत ती निसटली. तपासणीतील मानवी मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने नोंदवला.

म्हणजेच वेळापत्रक पाळले गेले होते. चुकली ती नजर. तपासणी परिणामकारक असावी, अशी अट अहवाल घालतो. परंतु तपासणाऱ्याचा थकवा, एकसुरीपणा व ‘काही सापडणार नाही’ ही अपेक्षा यांना त्याच्या मांडणीत आलेखांइतके स्थान नाही.

निष्कर्ष :
हा अहवाल आजही मूलभूत ठरतो. मात्र तो शिकवताना सहा आलेखांसोबत सू सिटीची चकतीही विद्यार्थ्यांसमोर ठेवली पाहिजे. तपासणी केव्हा करावी, हे गणित सांगते. ती कोण, कोणत्या परिस्थितीत करतो, हा प्रश्नही नियोजनाचाच भाग आहे.