बार्टल्बी, द स्क्रिव्हनर : निवेदकाची व्यक्तिरेखा

अमेरिकन साहित्यिक हर्मन मेल्‌व्हिल (१८१९–९१) ह्याची ही दीर्घकथा ‘पटनम्स मंथली मॅगझिन’च्या नोव्हेंबर व डिसेंबर १८५३ च्या अंकांत लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली, पुढे ती ‘द पिआझा टेल्स’ (१८५६) ह्या संग्रहात समाविष्ट झाली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाच्या कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करणारा बार्टल्बी आधी नकला पडताळण्यास, मग नकला करण्यास व अखेर कचेरी सोडण्यासही सौम्यपणे नकार देतो. तुरुंगात त्याचा अंत होतो. कथेचे शीर्षक त्याच्या नावाचे असले, तरी त्याच्याविषयी वाचकाला फारसे काही कळत नाही. उलगडत जातो तो ही हकीकत सांगणारा अनाम वकील, आणि तोही बव्हंशी स्वतःच्या नकळत.

आपण सावध व निर्धोक गृहस्थ आहोत, असे तो प्रारंभीच सांगतो व जॉन जेकब ॲस्टर ह्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या प्रशस्तीचा त्यास दाखला देतो. त्या नावात सोन्याचा नाद असल्याने ते उच्चारण्यास आपणास आवडते, ही कबुलीही त्याचीच. आपण क्वचितच रागावतो असे म्हणत असतानाच त्याचा संताप उफाळतो, तो चॅन्सरी न्यायालयातील आपले किफायतशीर पद रद्द झाल्याबद्दल. बार्टल्बीला तो आपल्याच दालनात, पण हिरव्या पडद्याआड बसवितो : हाकेच्या अंतरावर, परंतु नजरेआड.

त्याच्या दयेतही हिशेब आहे. बार्टल्बीला सांभाळून घेतल्याने अल्प खर्चात आत्मसंतोष लाभेल, असे तो मनाशी मांडतो; क्रोध अनावर होतो तेव्हा परस्परप्रेमाची ख्रिस्ताची आज्ञा त्याला आठवते, पण तिचे महत्त्व त्याला पटते ते ती पाळणाऱ्याचे रक्षण करते म्हणून. बार्टल्बीला हाकलण्याऐवजी तो स्वतःच कचेरी हलवितो. निष्ठुरतेचा आरोप टाळून सुटका करून घेण्याची ही युक्ती काहीशी हास्यास्पदच आहे.

एवढ्यावरून त्याला वॉल स्ट्रीटच्या व्यवहारी वृत्तीचा दांभिक प्रतिनिधी ठरविणारे समीक्षक आहेत. हा निर्णय घाईचा वाटतो. दांभिक मनुष्य आपला हिशेब लपवितो. हा तो उघड करून दाखवितो. शिवाय बार्टल्बीला स्वतःच्या घरी नेण्याची तयारी तो दर्शवितो, तेव्हा त्यात कोणताही लाभ संभवत नाही. नकार मिळताच मात्र तो तेथून पळ काढतो. त्याची सहानुभूती खरी आहे. तिला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा त्याला अस्पष्टपणे जाणवते. तुरुंगाच्या आवारात निश्चल पडलेल्या बार्टल्बीच्या हाताला तो स्पर्श करतो व शहारतो. पडद्याने राखलेले अंतर मिटते ते असे, मृत्यूनंतर.

कथेचा शेवटही ह्याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कागदपत्रांच्या पुराव्यावर ज्याचा व्यवसाय चालतो, तो वकील एका अफवेचा आधार घेतो : बार्टल्बी पूर्वी वॉशिंग्टन येथे, मालकापर्यंत न पोहोचलेल्या पत्रांच्या टपाल कचेरीत कारकून होता म्हणे. ही अफवा खरी की खोटी, हे वकिलालाही ठाऊक नाही. ती मान्य केली, की बार्टल्बीच्या दुःखाचे मूळ मात्र ह्या वकिलाच्या कचेरीपासून पुष्कळ दूर जाते.