शांततेचा मक्ता

ब्लॉग, फेसबुक, इन्स्टाग्राम सांभाळून मन शांत ठेवा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. त्याचा मराठी पूर्वज ‘दासबोधा’त आहे. परंपरेप्रमाणे तो ग्रंथ महाड-पोलादपूर परिसरातल्या शिवथरघळीत रचला गेला. १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा: अक्षर वाटोळे, ओळी सरळ, ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा. शिस्त घेण्याजोगी, पण पहिल्याच ओवीत ती ब्राह्मणाला सांगितली आहे.

त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांनी मार खाल्ला. ३ एप्रिलला बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले. बहुतेक मजकूर ते एकहाती लिहीत. निवांतपणा त्यांच्या वाट्याला नव्हताच, निकड होती. लेखनातले सातत्य शांततेतूनच येते, हा सल्ला महाडला लागू पडत नाही.