सापडलेले रुग्ण आणि असलेले रुग्ण

कोविडच्या साथीत मुंबई महानगरपालिका रोज एक पत्रक काढत असे. २०२० मध्ये अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरी त्यातील आकड्यांची चर्चा चाले. विभागवार रुग्ण आणि रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी लोकांपुढे ठेवणे हे काम चांगलेच होते. आमचा आक्षेप आहे तो आकड्याच्या नावाला. 'एकूण रुग्ण' म्हणून जे छापले जाई, ते प्रत्यक्षात 'सापडलेले रुग्ण' होते.

समजा, एका विभागात १०० जणांची चाचणी केली व १० बाधित निघाले. आठवड्याने २०० जणांची केली व १६ निघाले. संख्या वाढली, पण प्रमाण १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. मग साथ वाढली की शोध वाढला? नुसत्या १६ या आकड्यावरून ते कळत नाही. चाचणीसाठी कोणाला निवडले हे ठाऊक नसेल, तर प्रमाणावरूनही खात्रीने सांगता येत नाही.

जून २०२० मध्ये मुलुंड, बोरिवली, दहिसर आदी भागांसाठी पालिकेने 'मिशन झिरो' मोहीम काढली. फिरते दवाखाने नेऊन रुग्ण शोधणे योग्यच होते. नाव मात्र चुकले. शोध नीट झाला तर आकडा आधी वाढायलाच हवा. ध्येय शून्याचे ठेवले, की ही वाढ अपयश वाटू लागते.

किती रुग्ण निसटत होते? जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दहिसर, चेंबूर व माटुंगा या तीन विभागांत रक्ततपासणी केली. संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेली प्रतिपिंडे झोपडपट्टीत ५७ टक्के, तर इतरत्र १६ टक्के लोकांत आढळली. त्या वेळी साऱ्या मुंबईत सापडलेले रुग्ण होते सुमारे एक लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी!

अर्थात या पाहणीलाही तोच कस लावला पाहिजे. ठरवलेल्या ८,८७० पैकी ६,९३६ नमुने मिळाले. २४ पैकी तीनच विभाग पाहिले. त्यावरून अंधेरी वा घाटकोपरचे प्रमाण काढता येणार नाही. ऑगस्टच्या फेरीत झोपडपट्टीतील प्रमाण ४५ टक्के आले. याचा अर्थ झालेला संसर्ग पुसला गेला असा नव्हे. प्रतिपिंडे काळानुसार घटतात आणि नमुन्यागणिक थोडा फरक पडतोच.

मृत्यूंची मोजणीही निर्दोष नव्हती. १६ जून २०२० रोजी मुंबईच्या यादीत आधी न नोंदलेले ८६२ मृत्यू एकदम जोडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या वर्षांतले जगातील जादा मृत्यू १ कोटी ४९ लाख असल्याचा अंदाज दिला. देशोदेशींनी कळवलेले कोविडमृत्यू होते सुमारे ५४ लाख. भारतासाठी हा अंदाज ४७ लाखांचा होता, सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास. भारत सरकारने अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. वर्गात या दोन्ही बाजू मांडाव्यात.

साथीचा कोणताही आलेख फळ्यावर काढताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत: किती जणांना तपासले? त्यांना कसे निवडले? आणि कोण तपासणीपर्यंत पोहोचलेच नाही? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आलेखात नसते. ते शोधायला वस्तीत जावे लागते.