निवड कोणाची, उपभोग कोणाचा?

काही वर्षांपूर्वी मुळशी तालुक्यातील आमच्या वस्तीत एक विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आला. ग्राहकांच्या वर्तनाचा अभ्यास हा त्याच्या प्रबंधाचा विषय. माझ्या चुलतीला त्याने विचारले, "मावशी, साबण कसा निवडता? किमतीवरून, वासावरून की जाहिरातीवरून?" चुलती म्हणाली, "निवडते ते तांदूळ, बाबा. साबण दुकानदार उधारीवर देईल तो." विद्यार्थ्याने 'किंमत' या शब्दापुढे खूण केली आणि तो पुढच्या घरी गेला.

चुलतीचे उत्तर त्या प्रश्नावलीत मावले नाही. ते का मावले नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

ग्राहक-वर्तनाचे शास्त्र एक माणूस गृहीत धरते. त्याच्यासमोर दहा वस्तू आहेत, खिशात पैसा आहे, मनात आवड आहे आणि त्याला अडवणारे कोणी नाही. या शास्त्राला समाज दिसतच नाही, असे मी म्हणणार नाही. अमेरिकन विचारवंत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते की, माणसे गरजेसाठी जेवढे खर्च करतात तेवढेच प्रतिष्ठेच्या प्रदर्शनासाठीही करतात आणि खालचा थर वरच्याचे अनुकरण करतो. परंतु व्हेब्लेन यांच्या समाजात अनुकरण करणारा फार तर हास्यास्पद ठरतो. आमच्या समाजात तो गुन्हेगार ठरला.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगतो. हा उपभोगाचा कायदाच नव्हे काय? आणि तो केवळ पोथीत राहिला नाही. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी गुजरातमधील झनू गावाचे उदाहरण दिले आहे. तेथे अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्याने जातभाईंच्या पंगतीत तूप वाढले, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन आले आणि त्यांनी अन्न नासवले. तूप त्याच्या पैशाचे होते, पंगत त्याची होती, जेवणारेही त्याचेच होते. मग बिघडले कोणाचे? बिघडली ती व्यवस्था. कारण तिच्या लेखी तूप हा खाण्याचा पदार्थ नव्हता, तो दर्जा होता.

म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाणी पिणे हा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृती जाळली गेली त्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे लुगड्याचे नेसणे आणि दागिने टाकून देण्यास सांगितले. आज आमची मुले उंची बूट घालतात, तेव्हा विद्वान मंडळी 'चंगळवाद' म्हणून नाके मुरडतात. त्या मुलाच्या डोक्यावर हप्त्याचे कर्ज आहे याची काळजी मलाही आहे, आणि बाजार आम्हाला मुक्त करील असा माझा भ्रम नाही. पण त्या बुटांत महाडच्या ओंजळीचा एखादा थेंब आहे, हे ज्याला दिसत नाही त्याने आम्हाला साधेपणाचे धडे देऊ नयेत.

आता आकड्यांकडे वळू. उपभोगाच्या खर्चावरून दारिद्र्य मोजण्याचे मोठे काम पुण्यातच झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली आपला दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये लागतात, असा त्यांचा १९६०-६१ च्या किमतींचा हिशेब होता. भूक मोजली गेली, हे त्या अभ्यासाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे गट खर्चाचे होते, जातीचे नव्हते. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत जातगटही मोजले आहेत. ग्रामीण भारतात अनुसूचित जातींचा माणशी मासिक खर्च ३,४७४ रुपये, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांचा ४,३९२ रुपये. म्हणजे त्यांच्या शंभर रुपयांना आमचे एकोणऐंशी. ही एकवीस रुपयांची तफावत आवडीनिवडीची आहे काय?

आणि खर्चाच्या रकान्यात न येणारा उपभोग? त्यासाठी मुळशी सोडून लांब जायला नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह झाला. तो अखेर मोडला. धरण झाले, गावे बुडाली, आणि १९२७ पासून घाटाखाली भिरा येथे या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईकडे गेली. विजेचा ग्राहक मुंबईत मोजला गेला. तिची किंमत ज्यांनी गाव देऊन चुकवली, ते कोणत्याच रकान्यात आले नाहीत. त्यांतही ज्याच्या नावावर जमीन होती त्याला निदान मोबदला मागता आला. ज्याचे पोट गावाच्या बलुत्यावर होते, त्याने काय मागावे? गावच बुडाल्यावर बलुते कोणाकडून घ्यावे?

आज याच तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी आहे, आणि लवळ्याच्या टेकड्यांवर व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग भरतात. तेथे शिकणाऱ्यांत आता आमचीही मुले आहेत. त्यांना माझे सांगणे आहे: प्रश्नावली टाकून देऊ नका, ती बदला. 'काय निवडता?' या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न घाला. निवडण्याची मुभा कधीपासून मिळाली? उधारी कोणाची आहे? आणि तुमच्या वाट्याचे काय दुसऱ्याने वापरले?

मग माझ्या चुलतीचे उत्तर त्या कागदावर मावेल.